वन्संनी विकत घेतलेलं ऊन

माझ्या वन्संचं ‘फुकट’ या शब्दावर फार प्रेम. दुकानदाराने पिशवी फुकट दिली तर त्या आणखी एक मागून घेतात, पहिलीला सोबत म्हणून. दवाखान्यात माझ्याबरोबर येतात आणि निघता निघता स्वतःचं वजन करून घेतात, रक्तदाबही मोजून घेतात. डॉक्टर बघतच राहतात. “पैसे घेत नाहीत ना याचे? मग?” असं म्हणून वन्सं चपला घालतात.

अशा बाईने एक दिवस चक्क ऊन विकत घ्यायचं ठरवलं, तेव्हा आम्हा कुणाचाच कानांवर विश्वास बसेना.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आमच्या घराच्या तळमजल्यावर त्यांची लाँड्री, पहिल्या मजल्यावर त्या आणि दाजी, दुसऱ्यावर आम्ही, आणि आमच्या डोक्यावर गच्ची. दाजी म्हणजे वन्संचे यजमान. माझे हे त्यांना दाजी म्हणतात म्हणून मीही म्हणते, आणि आता तर भाजीवालाही म्हणतो.

दोघं पूर्वी एकाच कारखान्यात होते, वन्सं हिशेब बघायच्या आणि दाजी भांडारात होते. कारखाना बंद पडला. बाकीची मंडळी घरी बसून उसासे टाकत होती, तेव्हा वन्संनी पुढच्या खोलीत एक टेबल मांडलं, त्यावर जुनं ब्लँकेट अंथरलं आणि उसासे टाकणाऱ्यांनाच निरोप धाडले, “नव्या नोकरीच्या मुलाखतीला काय चुरगळलेल्या शर्टात जाणार?” ती त्यांची पहिली गिऱ्हाइकं. इस्त्री वाढत वाढत धुलाईयंत्रं आली, वाफेच्या इस्त्र्या आल्या, बाहेर पाटी लागली. आणि रस्त्याच्या पलीकडे चार इमारती सोडून असलेल्या लॉजचं काम मिळालं, तेव्हा लाँड्री खऱ्या अर्थाने पायावर उभी राहिली. खोल्याच खोल्या, रोजच्या चादरी, रोजचे उशांचे अभ्रे. निम्मी लाँड्री त्या एका लॉजवर चालते म्हणा ना.

या लॉजच्या मालकीणबाई आमच्याकडे का येतात, तर वासासाठी. आमच्या चादरी गच्चीवर, भर उन्हात, दोरीवर वाळतात. तशा वाळलेल्या चादरीला जो वास येतो तो बाटलीत मिळत नाही. लॉजमध्ये उतरलेली माणसं म्हणे उशीत नाक खुपसून झोपतात आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक रात्र राहतात.

कामाची वाटणी अशी, की वन्सं खाली काउंटरवर आणि दाजी वर गच्चीवर. वन्संचे गुडघे आणि आमचा जिना यांचं पटत नाही, त्यामुळे त्या वर म्हणून जात नाहीत. ओल्या चादरींच्या बादल्या घेऊन दाजी चढतात, कोरड्या चादरींचे गठ्ठे घेऊन उतरतात. मधल्या वेळात वर नेमकं काय होतं, हे वन्संच्या लेखी दाजींचं खातं. हे मी एवढं सविस्तर सांगते आहे, कारण पुढची सगळी फजिती या वाटणीतून झाली.

आता वीजबिल. धुलाईयंत्रं आणि वाफेच्या इस्त्र्या काय वीज खातात, हे ज्याने भरलंय त्यालाच ठाऊक. बिल आलं की वन्सं ते दोन बोटांच्या चिमटीत धरतात, मेलेला उंदीर धरावा तसं. मग पुढचे दोन दिवस घरात कुणी दिवा लावला की खालून आवाज येतो, “काय शोधताय एवढं?”

अशाच एका बिलाच्या दिवशी तो ऊनवाला आला. त्याच्या कंपनीचं नाव मोठं लांबलचक होतं, पण वन्संनी पहिल्या पाच मिनिटांत त्याचं बारसं करून टाकलं. शर्टाला कडक इस्त्री (आमची नव्हे, हे वन्संनी लगेच हेरलं), हातात चकचकीत माहितीपत्रक.

“मॅडम, तुमचा धंदा म्हणजे सोलरसाठीच जन्माला आलाय,” तो म्हणाला. “तुमची सगळी मशिनं दिवसा चालतात आणि पॅनेलही दिवसाच वीज करतात. ज्यांचा धंदा रात्रीचा, त्यांची पंचाईत. तुमची वीज तयार झाली की लगेच पोटात. उरली तर वीज कंपनीकडे जाईल, बिलातून वजा होईल. ऊन तर काय, फुकट आहे.”

झालं. नेमका तो शब्द उच्चारला त्याने.

तरी वन्सं अशा लगेच विरघळणाऱ्या नव्हेत. “ऊन फुकट, मग तुम्ही पैसे कशाचे घेताय?”

“पॅनेलचे, सांगाड्याचे, इन्व्हर्टरचे, बसवण्याचे. पण चार वर्षांत सगळे वसूल.”

माझ्या ह्यांनी कागद-पेन्सिल घेतलीच होती. ह्यांना बेरीज करायला मिळाली की दुसरं काही लागत नाही. बराच वेळ खरडून ते म्हणाले, “ताई, मला पाच वर्षं येतायत.”

वन्सं भिंतीकडे बघत क्षणभर पुटपुटल्या. “सहा. ढगाळ दिवस धरलेत, आणि त्यात इन्व्हर्टर एकदा बिघडणार हेही धरलंय.”

ऊनवाला हसायचा थांबला. “मॅडम, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या.”

“पगार किती देता?” वन्संनी तितक्याच गंभीरपणे विचारलं.

गच्चीची मोजमापं घ्यायला त्याला सोमवारी बोलावलं, कारण सोमवारी लाँड्री बंद आणि सगळ्यांना सवड. वन्संही गुडघ्यांना शिव्या देत वर आल्या. पाहतात तर काय, गच्ची कशी लख्ख, मोकळी! सोमवारी धुणं नसतं, म्हणून दाजी रविवारी संध्याकाळीच दोऱ्या सोडून, गुंडाळून टाकीखाली ठेवून देतात. ऊनवाल्याने टेप लावला, सावल्या कुठे पडतात ते पाहिलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पॅनेलच पॅनेल काढलेला नकाशा दाखवला.

“एवढी जागा नुसती वाया जात होती की हो!” वन्सं हळहळल्या.

कुणीच काही बोललं नाही. ह्यांचं डोकं बेरजेत होतं. माझं म्हणाल तर ऊनवाल्याने नुकतंच सांगितलं होतं, की पॅनेलच्या सावलीमुळे खालचा मजला गार राहतो. आमच्या स्वयंपाकघराचं छत उन्हाळ्यात इतकं तापतं, की तवा वर चिकटवला तरी चालेल. मी मनातल्या मनात गार ओट्यापाशी उभी होते. आणि दाजी? दाजी टाकीला टेकून मंद हसत होते. ते एरवीही कमीच बोलतात, त्यामुळे त्या हसण्याचा अर्थ कुणी विचारला नाही.

वन्संनी आगाऊ रक्कम भरली. कधी नव्हे ते पावतीकडे बघून हसल्या.

ऊनवाल्याची माणसं लोखंडी सांगाडे घेऊन आली ती कामाच्या दिवशी, भर दुपारी. पहिला माणूस गच्चीच्या दारातून आत शिरला आणि दिसेनासा झाला. पाठोपाठ ऊनवाला शिरला, तोही गडप. मी जिन्यात उभी. आतून नुसता फडफडाट आणि “अहो, दार कुठे गेलं?” असा आवाज. गच्चीभर लॉजच्या चादरी, ओळीने, एकीमागे एक, ओल्याकच्च. ऊनवाला एका डबल बेडच्या चादरीत असा काही गुरफटला होता, की बाहेर फक्त माहितीपत्रक दिसत होतं.

आरडाओरडा ऐकून वन्सं वर आल्या. आज गुडघ्यांना शिव्या द्यायचंही भान नव्हतं. दारात उभ्या राहिल्या. चादरींकडे पाहिलं, सांगाड्याकडे पाहिलं, पुन्हा चादरींकडे पाहिलं.

“अहो,” त्या दाजींना म्हणाल्या, “पॅनेल बसली की या कुठे वाळणार?”

“ड्रायरमध्ये,” दाजी म्हणाले.

“कुठल्या ड्रायरमध्ये?”

“तू घेणार आहेस ना, त्या.”

“मी कधी म्हटलं ड्रायर घेणार?”

“गच्ची पॅनेलना दिलीस, म्हणजे ड्रायर घेणारच असशील. मला वाटलं, शेवटी सुटलो मी. इतकी वर्षं बादल्या चढवतोय.” दाजींचा चेहरा हळूहळू पडला. “म्हणजे नाही घेणार?”

“आणि सोमवारी गच्ची मोजत होते तेव्हा तोंड शिवलं होतं का तुमचं?”

“तुलाच ठाऊक असेल असं वाटलं. हिशेब तुझ्याकडे असतो.”

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. “आणि वहिनी, तुम्ही? तुमचं तरी लक्ष असतं ना सगळीकडे!”

मी गार ओट्याबद्दल बोलले नाही. म्हटलं, “वन्सं, सोमवार होता हो.”

ऊनवाला चादरीतून सुटून पुढे आला. केस विस्कटलेले, पण धंद्याचं भान शाबूत. “मॅडम, काळजी कशाला? ड्रायर बसवा. तोही पॅनेलवरच चालेल.”

“किती वीज खाईल तो?”

“अं... तुमच्या चादरी बघता... निम्मी तरी.”

वन्सं शेजारच्या उपड्या बादलीवर बसल्या. “म्हणजे असं बघा. आज सूर्य माझ्या चादरी वाळवतोय. फुकट. उद्या मी तुम्हाला पैसे देऊन त्याच्याकडून वीज घ्यायची, त्या विजेवर आणखी पैसे देऊन ड्रायर चालवायचा, आणि त्या ड्रायरने चादरी वाळवायच्या. म्हणजे सूर्य एक, काम एक, आणि मधे हात ओले करून घेणारे तुम्ही!”

ऊनवाल्याने दुसरा उपाय काढला, की सांगाडा उंच करू आणि खाली दोऱ्या बांधू. लोखंडाचे जास्तीचे पैसे पडतील, एवढंच. वन्सं म्हणाल्या, “खाली सावली. सावलीत वाळलेल्या चादरीला ओल्या सतरंजीचा वास येतो. पुढे बोला.” मग निम्मीच पॅनेल बसवायचा विषय निघाला. वन्सं पुन्हा भिंतीकडे बघून पुटपुटल्या. “सांगाड्याचे पैसे पूर्ण आणि वीज निम्मी. दहा वर्षं. तोवर इन्व्हर्टरही जाईल आणि मीही.” आणि सगळंच रद्द केलं तर आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, हे ऊनवाल्याने खाली मान घालून सांगितलं. सांगाडे गच्चीच्या मापाने कापून झाले होते.

ते सांगाडे जिन्यात भिंतीला टेकवून ठेवले गेले. येता-जाता सगळ्यांच्या नडग्या फुटायला लागल्या.

दोन दिवसांनी वन्संनी एक प्रयोग केला. ओळखीच्या एका लाँड्रीत ड्रायर होता, तिथून लॉजचा एक गठ्ठा वाळवून आणला आणि रोजच्या गठ्ठ्यांत सरकवून दिला. न जाणो, कळलंच नाही तर? संध्याकाळी लॉजवाल्या बाई स्वतः आल्या. बाई ठणठणीत, चष्मा साखळीने गळ्यात, आवाज रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असा. त्यांनी तो गठ्ठा काउंटरवर ठेवला, वरची चादर उलगडली आणि वन्संच्या नाकाखाली धरली.

“ही कुणाची?”

“तुमचीच की.”

“माझी नाही. माझ्या चादरीला उन्हाचा वास असतो. हिला नव्या चपलांच्या खोक्याचा येतोय.”

वन्संनी चादर हुंगून पाहिली.

बाईंनी आवाज थोडा खाली आणला. “हे बघा, ती मोठ्या मशिनवाली लाँड्री मला रोज फोन करते. तुमच्यापेक्षा स्वस्तात देते म्हणते. मी त्यांना रोज नाही म्हणते, ते या वासापायी. तोच गेला, तर मी हा रस्ता कशाला ओलांडू?”

त्या गेल्यावर वन्संनी ती चादर घडी घालून मांडीवर घेतली. मी चहा करून खाली नेला. म्हणाल्या, “वहिनी, बिल कमी करायला निघाले आणि गिऱ्हाईकच कमी करून बसले.” मग चादरीचा पुन्हा वास घेतला. “खरंच हो, चपलांचाच येतोय. बाईचं नाक आहे की काय आहे!”

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं साडी बदलून माझ्या दारात. “चला, लॉजवर जाऊ. जे झालं ते सरळ सांगून टाकते. थोडे दिवस मागते, काहीतरी वाट काढते. तुम्ही फक्त शेजारी उभ्या राहा, म्हणजे माझा आवाज चढणार नाही.”

लॉजच्या काउंटरवर आधीच कडाक्याचं भांडण चालू होतं. एक पाहुणा घामाने निथळत होता. “अहो, सगळ्यात वरच्या मजल्यावरची खोली म्हणजे भट्टी आहे भट्टी! रात्रभर भिंतींना हात लावून बघत होतो, कुठली कमी तापलीय.” बाई त्याला पंखा जोरात करायला सांगत होत्या आणि तो म्हणत होता, की पंखा गरम हवाच फिरवतोय. शेवटी बाईंनी त्याला खालची खोली दिली आणि कपाळाला हात लावून आमच्याकडे वळल्या. “वरच्या मजल्यावर कुणी टिकत नाही. अर्ध्या किमतीत दिली तरी नको म्हणतात. बोला, तुमचं काय?”

वन्संनी सांगायला आणलेलं सगळं ओठांवरच राहिलं. त्या छताकडे बघायला लागल्या. त्यांच्या डोळ्यांत मला ती ओळखीची चमक दिसली आणि मी जरा सावध झाले.

“वरच्या मजल्याच्या वर काय आहे?”

“काय असणार? गच्ची.”

“आणि गच्चीवर?”

“पाण्याची टाकी आणि कबुतरं.”

“दाखवता का जरा?”

लॉजला लिफ्ट होती. वन्सं लिफ्टमध्ये शिरल्या आणि तिच्या आरशात पदर नीट करत म्हणाल्या, “किती सुखाची गोष्ट आहे हो ही!” वर गेलो तर डोळे दिपावेत असं ऊन, आमच्या गच्चीच्या दुप्पट जागा, कुठे सावलीचा ठिपका नाही. वन्सं मधोमध उभ्या राहिल्या, पण पोळलेली बाई होती ती आता. “बाई, इतर दिवशी इथे काय असतं? आज काही सुट्टीबिट्टी नाही ना?”

“लॉजला कसली सुट्टी? इतर दिवशीही कबुतरंच असतात.”

“मग ऐका. तुमच्या चादरी मी इथे वाळवते, आणि उरलेल्या जागेत माझं बाकीचं धुणं.”

“इथे? माझ्या गच्चीवर? आणि मी तुम्हाला धुलाईचे तेवढेच पैसे द्यायचे?”

“उलट थोडे जास्तच द्यायला हवेत. ओल्या चादरींची सावली दिवसभर छतावर राहिली की खालच्या खोल्या गार. त्या खोल्या तुम्ही पूर्ण किमतीला द्याल. विचारा आमच्या वहिनींना, सावलीने छत गार होतं की नाही! त्या कधीपासून त्याच आशेवर बसल्यात.”

मी चपापले. म्हणजे गार ओट्याचं त्यांना सगळं कळलं होतं तर.

बाई खूप हसल्या. त्यांनी जास्तीचे पैसे काही दिले नाहीत, पण गच्ची दिली, वर इस्त्रीला एक खोली दिली आणि लिफ्टही वापरू दिली. वन्संनी घासाघीस करून दाजींचा दोन वेळचा चहाही त्यात बसवला. परतताना रस्ता ओलांडता ओलांडता माझा दंड दाबून म्हणाल्या, “ऊन फुकट, लिफ्ट फुकट, चहा फुकट!”

आमच्या गच्चीवर पॅनेल चढली. जिना मोकळा झाला, नडग्या बऱ्या झाल्या. माझा ओटाही पहिल्यासारखा तापत नाही. पहिलं बिल आलं ते वन्संनी चिमटीत न धरता सपाट तळहातावर ठेवून वाचलं. शून्य नव्हतं. मधे आठवडाभर आभाळ होतं, ते बिलात बरोब्बर दिसत होतं. पॅनेलसाठी काढलेल्या कर्जाचा बँकेचा हप्ता वेगळाच. पण पूर्वीच्या बिलाच्या निम्म्याहून कमी. वन्सं म्हणाल्या, “सहाच वर्षं. सांगितलं होतं.” ह्यांनी पाच म्हणून पाहिलं, पण कुणी लक्ष दिलं नाही.

एका खर्चाचा मात्र कुणाच्याच बेरजेत पत्ता नव्हता. दाजी आता सकाळी बादल्या गाडीवर घालून लॉजवर जातात ते संध्याकाळीच परत येतात. पूर्वी ते वर आणि वन्सं खाली असल्या तरी दिवसाकाठी दहादा जिन्यात गाठ पडायची. दहादा भांडण व्हायचं म्हणा, पण व्हायचं. आता दुपारभर वन्सं काउंटरवर एकट्या. गिऱ्हाईक नसलं की मला हाक मारतात, “वहिनी, काही काम नाही ना?” मी उतरते. त्या काहीबाही बोलतात आणि सारखं रस्त्याकडे बघतात. दाजी मात्र खुलले आहेत. लिफ्टने जातात, लिफ्टने येतात, कबुतरांशी युद्ध खेळतात. एकदा घरी येऊन म्हणाले, “तिकडचा चहा बरा असतो हं.” त्या संध्याकाळी वन्संनी चहाच केला नाही. “जा तिकडेच,” म्हणाल्या.

मग एके दिवशी ऊनवाला पाहणीला आला. म्हणाला, “मॅडम, पॅनेलवर धूळ बसते, पक्षी घाण करतात. धुतली नाहीत तर वीज कमी होते. माणूस पाठवू का? थोडेच पैसे घेतो.”

‘थोडेच पैसे’ ऐकताच वन्संनी स्वतः बादली उचलली. गुडघे, जिना, सगळं मागे टाकून त्या वर गेल्या. लांब दांड्याच्या फडक्याने पहिलं पॅनेल पुसलं आणि सहज मान वर केली, तर रस्त्यापलीकडे, चार इमारती सोडून, लॉजच्या गच्चीवर पांढऱ्या चादरींच्या मधे दाजी उभे! इतके स्पष्ट, की हातातला चिमटासुद्धा दिसावा.

“अहोऽऽ!” वन्संनी हाक घातली. रस्त्यावरची माणसं थबकली. “उजवीकडची चादर सुटलीय!”

दाजी दचकले, इकडे-तिकडे पाहिलं, मग आमच्या गच्चीकडे. “बघतोय!”

“बघताय काय, पकडा!”

“तू वर कशी आलीस?”

“पायांनी! आणि टोपी कुठंय डोक्यावरची? चहा पिऊन डोकं तापणार नाही असं वाटतं का?”

तेव्हापासून रोज सकाळी हा कार्यक्रम असतो. लॉजवाल्या बाई सांगतात, की वरच्या खोल्यांतली माणसं आता गजर लावत नाहीत. मला खाली ओट्यापाशी सगळं ऐकू येतं. चादर, टोपी, गुडघे, कबुतरं, आणि मधूनच दाजींचं मोठ्याने हसणं, जे आम्ही घरात कधी ऐकलं नव्हतं.

परवा ऊनवाला पुन्हा आला होता. मीटर बघून तोंडात बोटं घातली त्याने. “मॅडम, एवढी वीज कुणाच्याच गच्चीवर होत नाही. पॅनेल नुसती आरशासारखी आहेत. पण रोज धुवायची गरज नसते हो. पंधरा दिवसांतून एकदा पुरे.”

“तुम्हाला काय कळतंय त्यातलं?” असं म्हणून वन्संनी बादली भरून घेतली आणि वर निघाल्या.